इनागाकीबाईंचे सहा जॉब

तोमोए इनागाकी यांच्या आई सांगत, की ही मुलगी जन्मालासुद्धा उशिराच आली, कारण त्या दिवशी दवाखान्यात आणखी एक बाई अडलेली होती. आईंच्या सांगण्यात तिखटमीठ असे, पण ज्यांनी इनागाकीबाईंना ऑफिसात पाहिलं होतं त्यांना ते सहज पटे. लिफ्टचं दार उघडलं की त्या आधी बाजूला होत. परगावाहून कोणी मिठाईचा डबा आणला तर सगळ्यांचं घेऊन झाल्यावर घेत, आणि एकच तुकडा उरला असेल तर घेतच नसत. तो तुकडा मग डब्यात वाळत राही, कारण बाकीचेही काही कमी सभ्य नव्हते.

त्यांचं माहेर फुतामाताचं, तेनर्यू नदीच्या काठी जिथे लाकडाच्या वखारी आहेत तिथलं. वडील एका वखारीत कारकून होते. हामामात्सुच्या इंजिनिअरिंग कॉलेजात वर्गात दोन मुली होत्या. दुसरी इतकी बोलायची, की वर्गात एकच मुलगी आहे असा एका प्राध्यापकांचा शेवटपर्यंत समज होता. पुढे समुद्राकडच्या सपाटीवर, कांद्याच्या शेतांना लागून असलेल्या एका कंपनीत नोकरी लागली, आणि तिथेच केस पांढरे होऊ लागले. नवरा शूजी पियानोच्या कारखान्यात सूर लावायला. दिवसभर कान देऊन ऐकायचं काम, त्यामुळे घरी आल्यावर त्यांना शांतता लागे. ती बाईंकडे मुबलक होती. संसार सुखाचा झाला.

कंपनी अंथरुणाला खिळलेल्या माणसांना उचलून न्हाणीच्या टबात ठेवणारी यंत्रं बनवत असे. एक खांब, त्याला ॲल्युमिनियमचा एक हात, हाताला झोळी, झोळीत माणूस. इनागाकीबाईंचं काम म्हणजे हा हात प्रत्यक्षात ओतला जाण्याआधी तो कुठे तुटेल हे कॉम्प्युटरवर शोधून काढायचं. हाताचं चित्र बारीक तुकड्यांत कापायचं, त्याला भार लावायचा, आणि ते सगळं गणित सोडवायला सॉल्व्हर नावाच्या प्रोग्रामकडे पाठवायचं. या पाठवण्याला जॉब टाकणं म्हणत. इतक्या वर्षांत बाईंनी पडद्यावर शेकडो हात तोडले होते आणि लोकांच्या न्हाणीघरात एकही तुटला नव्हता. याचा त्यांना अभिमान होता. तो कोणाला सांगण्याचा प्रसंग त्यांनी येऊ दिला नव्हता.

त्या वर्षी नवीन, हलका हात येणार होता. वजन कमी करायचं म्हणून कोपराच्या आतल्या बाजूची आधाराची बरगडी बारीक केली होती. सरळ उचलण्याच्या हिशोबात ती व्यवस्थित बसत होती. पण उन्हाळ्याच्या सुरुवातीला बाई एका वृद्धाश्रमात जुनं यंत्र कसं वापरतात ते पाहायला गेल्या, आणि पाहून आल्यावर त्यांची झोप कमी झाली. पुस्तिकेत लिहिलं होतं: उचला, थांबा, मग वळवा. पण दुपारच्या जेवणाआधी अख्ख्या मजल्याला आंघोळ घालायची असताना थांबणार कोण? मदतनीस मुली माणूस उचलता उचलताच कमरेने झोळीला एक धक्का देत, आणि हात गर्रकन टबाकडे वळे. एक आजोबा प्रत्येक धक्क्याला "गाडी सुटली" म्हणत. बाईंना त्या वाक्यानंतर फक्त कोपर दिसू लागलं.

डिझाइनच्या बैठकीत त्या बोलल्या. म्हणाल्या, "आडवा धक्का बसला तर कोपराचं काय होतं, हे एकदा बघितलं असतं तर बरं झालं असतं की काय, असं आपलं मनात येऊन गेलं."

त्या ऑफिसच्या मानाने हे टेबलावर मूठ आपटण्यासारखं होतं. पण मूठ इतक्या हळू आपटली गेली, की समोरच्या चहाच्या पेल्यात तरंगसुद्धा उठला नाही. बैठकीच्या नोंदीत "विशेष सूचना नाहीत" असं आलं.

विभागप्रमुख आराकिदा, ज्यांना सगळे नुसतं काचो म्हणत, ते नंतर कॉफीच्या मशीनपाशी म्हणाले, "इनागाकी-सान, तुम्ही मघाशी काही म्हणत होतात का?"

"नाही, तसं विशेष नाही."

"मग बरं."

"म्हणजे, ओबोनच्या सुट्टीत मशीन रिकामंच असेल, तर मनातली शंका फिटावी म्हणून चालवून बघितलं तर..."

"बघा की. सुट्टी संपल्यावर पहिल्याच सकाळी सुगानुमांकडे साच्याचं पोलाद कापायला घेणार आहेत. त्याआधी काही निघालं तर सांगा."

आता पेच काय होता ते उघड आहे. साचा एकदा कापला गेला, की तो चुकलाय असं म्हणायची त्या कंपनीत पद्धत नव्हती. कापणाऱ्याचे कष्ट, काचोंची सही, खरेदी विभागाची धावपळ, इतक्या सगळ्यांची माफी मागावी लागली असती, की त्यापेक्षा बारीक बरगडीचा हात बाजारात गेला असता. आणि मग कुठल्या तरी न्हाणीघरात, ओल्या फरशीवर, गाडी सुटली म्हणणाऱ्या कोणाला तरी ते कळलं असतं.

बाईंनी सहा जॉब तयार केले. सरळ उचलणं, तिरकं उचलणं आणि धक्का देऊन वळवणं, असे तीन प्रकार. प्रत्येक प्रकार दोनदा, एकदा नकाशातल्या बारीक बरगडीवर आणि एकदा बाईंच्या मनातल्या जाड बरगडीवर.

तळमजल्यावर थंड खोलीत एक मोठं मशीन होतं आणि विभागातल्या सगळ्यांचे जॉब त्यावरच चालत. लायसन्सप्रमाणे एका वेळी चार जॉब चालू शकत. पण मशीनची मेमरी दोन मोठ्या जॉबना पुरेल एवढीच होती. मोठे चार एकदम टाकले, की मशीन एकाचा पसारा उचलून डिस्कवर नेऊन ठेवी, दुसऱ्याचा आणी, तोही परत नेई. गणित राहिलं बाजूला, नुसती हमाली चाले. हे जुन्या लोकांना ठाऊक होतं, आणि कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं. कोणी किती जॉब टाकावेत याचाही नियम नव्हता. नियम करायचा म्हणजे कोणीतरी जास्त टाकतं असं म्हणणं आलं.

ओबोनच्या, म्हणजे पितरांच्या सणाच्या, सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी बाईंनी सहाही जॉब दोन-दोनच्या जोडीने रांगेत लावले आणि विभागाच्या ग्रुपवर मेसेज टाकला: "ऐन सुट्टीच्या तोंडावर एकटीनेच सहा जॉब टाकून आपल्या सर्वांची फार गैरसोय करत आहे. मनापासून क्षमस्व. कोणाची अडचण होत असेल तर कृपया निःसंकोच सांगावं."

निःसंकोच कोणीच काही सांगितलं नाही. शेजारच्या टेबलावरचे मिझोगुची, ज्यांना एका मोटरच्या झाकणाचं कंपनाचं मोठं गणित चालवायचं होतं, त्यांनी लिहिलं, "अहो, खुशाल चालवा." विभागातला सगळ्यात नवा इंजिनिअर आओशिमा याने कमरेत वाकून नमस्कार करणाऱ्या अस्वलाचं चित्र पाठवलं.

दुसऱ्या दिवशी बाई फुतामाताला आईकडे गेल्या. आई ऐंशी ओलांडलेल्या, नव्या फ्लॅटमध्ये एसी लावून कलिंगड खात बसलेल्या. ताटलीत शेवटची फोड राहिली तेव्हा त्यांनी लेकीकडे पाहिलंसुद्धा नाही, उचलली आणि खाल्ली.

"फोनमध्ये काय बघतेस मघापासून?" आईंनी बी थुंकत विचारलं.

"ऑफिसचं. मिझोगुची-सानचा जॉब माझ्या मागे अडकलाय. त्यांना सुट्टीनंतर लगेच अहवाल द्यायचाय."

"मग त्यांनी तुझ्याआधी नंबर लावायचा होता."

"असं कसं, आई."

"तुला सांगते, तोमोए. शाळेत कवायतीला उंचीप्रमाणे उभं करत, तर तू उंच असूनही पुढे जाऊन गुडघे वाकवून उभी राहायचीस. कोणाला मागून दिसत नसेल म्हणे. मास्तरांनी मला बोलावून विचारलं, मुलीच्या पायात काही दोष आहे का."

बाई कसनुसं हसल्या. पण मिझोगुचींचा विचार डोक्यातून जाईना. त्यांना दोन लहान मुलं. मोटरवाले लोक कडक. आणि सुट्टी तर चांगली लांब आहे. आधी त्यांचा होऊ दे, मग आपले सावकाश. त्यांनी फोनवरूनच आपले सहाही जॉब, चालू जोडीसकट, होल्डवर टाकले. होल्डवर टाकलेला जॉब रांगेत दिसतो, पण चालत नाही. मागच्याला पुढे जाऊ देतो. बाईंना एकदम हलकं वाटलं. रात्रीचा भात त्यांनी दोनदा घेतला.

त्यानंतर रोज सकाळी त्या फोनवर रांग बघत. फोनच्या छोट्या पानावर फक्त जॉबची नावं दिसत. कोणता चालू आणि कोणता थांबलेला, ते ऑफिसच्या कॉम्प्युटरवरच कळे. मिझोगुचींचा जॉब तिथेच होता. आओशिमाचा पण होता. चाललेत बिचारे, बाई मनात म्हणत, मोठे दिसतात. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. आता सुट्टी अर्ध्यावर आली, आणि बाई उरलेले दिवस बोटांवर मोजू लागल्या. सहा जॉब, दोन-दोनच्या जोडीने चालवायचे, एकेका जोडीला दीड दिवस तरी हवा.

"विचार ना त्याला, कधी होतंय," शूजी म्हणाले. ते त्या दिवशी सकाळच्या आगगाडीने सासुरवाडीला पोचले होते आणि एवढ्यात तीन वाक्यं बोलले होते.

"कसं विचारू? कधी होतंय असं विचारलं की लवकर आटपा असं म्हटल्यासारखं होतं."

"हं," शूजी म्हणाले. ते चौथं.

दुपारी सगळे टेकडीवरच्या देवळामागे कबरी धुवायला गेले. ओबोनच्या दिवसांत तिथे गर्दी असते: लाकडी बादल्या, पळ्या, उदबत्त्यांचा धूर, आणि पूर्वजांच्या दगडावर पाणी ओतता ओतता शेजाऱ्यांच्या कबरीला शेवाळ आलंय का ते बघणारे नातेवाईक. बाई रिकामी बादली घेऊन नळापाशी गेल्या, तर पलीकडून तशीच रिकामी बादली घेऊन मिझोगुची आले. त्यांची सासुरवाडी त्याच गावची, हे बाईंना माहीतच नव्हतं. वीस वर्षं शेजारी बसून दोघांनी एकमेकांना असलं खासगी काही विचारलं नव्हतं.

"अरे, इनागाकी-सान."

"मिझोगुची-सान. केवढा उकाडा. घ्या, आधी तुम्ही भरा."

"छे छे, तुम्ही आलात आधी."

"माझी लहानच बादली आहे, थांबते मी."

"लहान आहे म्हणजे पटकन भरेल. तुम्ही घ्या."

कोणी तरी अर्धवट बंद केलेल्या त्या नळातून पाणी वाहत होतं आणि दोन बादल्या दोन बाजूंना कोरड्या होत्या. मागून मिझोगुचींची सासू म्हणाली, "पूर्वजांना तहान लागली आहे, जावईबापू." तेव्हा मिझोगुचींनी बादली खाली धरली. पाणी भरताना काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "तुमचे जॉब झाले असतील ना एव्हाना?"

"माझे?" बाई म्हणाल्या. "नाही. तुमचा होईपर्यंत थांबवलेत. तुमचा किती राहिला?"

मिझोगुचींची बादली भरून वाहू लागली. "माझा तर मी पहिल्याच दिवशी होल्डवर टाकला," ते म्हणाले. "तुमचे सहा आधी जावेत म्हणून."

बाईंनी नळ बंद केला.

"आओशिमा-कुन?" बाईंनी हळूच विचारलं.

"त्याला मीच सांगितलं, इनागाकी-सानचं महत्त्वाचं आहे, तुझा काढून ठेव."

"म्हणजे मशीनवर..."

"काही नाही. पाच दिवस."

तळमजल्यावरच्या त्या खोलीत एसी अखंड चालू होता आणि मशीन इतकं गार पडलं असेल, की त्यात मासळी ठेवता आली असती. विभागातली सगळी माणसं एकमेकांसाठी दारात बाजूला सरली होती, आणि दारातून कोणीच गेलं नव्हतं. मिझोगुचींनी बादली खाली ठेवून कमरेत वाकून माफी मागितली. बाईंनी त्याहून खाली वाकून माफी मागितली. मग मिझोगुची आणखी वाकले. त्यांच्या सासूला वाटलं, कोणीतरी गेलं. तिने जवळ येऊन बाईंना मनापासून सांत्वनाचे दोन शब्द सांगितले, आणि बाईंनी ते घेतले, कारण नाही म्हणणं बरं दिसलं नसतं.

देवळाच्या पायऱ्यांवर बसून त्यांनी काचोंना फोन लावला. काचो गरम पाण्याच्या झऱ्यावर गेले होते. मागे पाण्याचा आवाज येत होता. सगळं ऐकून घेऊन ते बराच वेळ "हो, हो, असं का," म्हणत राहिले आणि शेवटी म्हणाले, "दोघांनी मिळून एकमेकांच्या सोयीने काय ते ठरवलंत तर उत्तम होईल."

फोन बंद झाला. मिझोगुची म्हणाले, "अर्थातच तुमचे आधी."

आता बाईंच्या तोंडात ठरलेलं वाक्य तयार होतं. ते आयुष्यभर वापरून गुळगुळीत झालेलं होतं: छे, तुमचाच आधी होऊ दे, माझं काय, होईल कसंही. ओठांपर्यंत आलं. त्यावर मिझोगुची म्हणणार, नाही नाही. मग त्या म्हणणार, खरंच. आणि संध्याकाळ होणार. खाली कबरींमध्ये एका मुलाने वडिलांच्या खांद्यावर बसून दगडावर पाणी ओतलं आणि वडील उडालेलं पाणी चुकवायला एका पायावर गर्रकन वळले. बाईंना पुन्हा फक्त कोपर दिसलं.

"माझे आधी," त्या म्हणाल्या. आवाज त्यांना स्वतःचा वाटला नाही. "मशीन मला रविवार रात्रीपर्यंत हवं. पूर्ण. तुमचा जॉब टाकू नका. तुमच्या अहवालाला उशीर होईल, मला माहिती आहे. तरी टाकू नका."

आता हे ऐकून मिझोगुची दुखावतील, निदान क्षणभर गप्प होतील, अशी बाईंची खात्री होती. मिझोगुचींनी खांदे सैल सोडले आणि लांब श्वास टाकला.

"हुश्श," ते म्हणाले. "बरं झालं बोललात. मला वाटलं आपण सुट्टी संपेपर्यंत इथे पायऱ्यांवर बसतो की काय."

"तुमचा अहवाल?"

"मोटरवाल्यांना सांगतो, ओबोनमुळे उशीर झाला. ओबोनचं नाव काढलं की पुढे कोणी विचारत नाही. शिवाय ते स्वतः सुट्टीवर आहेत."

बाईंनी तिथेच बसून फोनवरून धक्क्याचे दोन जॉब सोडले, बारीक बरगडीचा आणि जाड बरगडीचा. आधी हेच. तिरके नंतर, सरळ सगळ्यात शेवटी. मिझोगुचींनी ग्रुपवर मेसेज टाकला, की रविवारपर्यंत मशीन इनागाकी-सानचं, सर्वांनी सहकार्य करावं.

सहकार्य हा शब्द नडला. पुण्यकर्म करायची संधी आओशिमा शोधतच होता. तो गावी गेलाच नव्हता. ऑफिसजवळच्या खोलीत गेम खेळत होता. मेसेज वाचून तो ऑफिसात गेला, बघतो तर लायसन्स चार आणि चालू जॉब दोनच. बिचाऱ्या इनागाकी-सानच्या लक्षात आलं नसेल, फोनवर नीट दिसत नाही. त्याने विभागाच्या सामाईक खात्यावरून बाईंचे आणखी दोन जॉब सोडून दिले आणि समाधानाने घरी गेला.

सकाळी बाई ऑफिसात पोचल्या. रात्री त्यांना झोप आली नव्हती आणि शूजींनी न बोलता गाडीची किल्ली हातात दिली होती. पडद्यावर चार जॉब चालू होते. म्हणजे चालू असल्याचं दिसत होतं. रात्रभरात एकही धड पाऊलभर पुढे सरकला नव्हता. खाली मशीनची डिस्क एकसारखी कुरकुरत होती, कोणीतरी अंधारात कपाटं रिकामी करून भरत असल्यासारखी.

त्यांनी आओशिमाला फोन केला.

"इनागाकी-सान, बघितलंत? चारही लावून दिले मी," तो म्हणाला. आवाजात झोप होती आणि अभिमान होता.

"आओशिमा-कुन, दोन माणसांच्या टबात चार माणसं बसली तर काय होतं?"

तो विचारात पडला. "पाणी बाहेर जातं."

"आणि आंघोळ?"

"कोणाचीच होत नाही." पलीकडे पांघरूण फेकल्याचा आवाज आला. "अरे देवा. इनागाकी-सान, फार मोठी चूक झाली. मी आत्ता येतो, लगेच येऊन काहीतरी मदत..."

"मदत करू नका," बाई म्हणाल्या. एका दिवसाच्या आत दुसऱ्यांदा त्या असं सरळ बोलत होत्या, आणि या वेळी आवाज ओळखीचा वाटला. "रागावून म्हणत नाहीये. घरी बसा, काहीतरी गार प्या. खरंच सांगते, तीच मदत."

चारही जॉब त्यांनी मारले. डिस्क साफ केली. मग फक्त धक्क्याची जोडी पुन्हा लावली आणि दहा मिनिटं पडद्यासमोरून हलल्या नाहीत. आकडे सरकू लागले. एक पायरी, दुसरी पायरी, गणितातली चूक घटत चाललेली. मशीन एका सुरात घुमत होतं. हा आवाज शूजींना ऐकवायला हवा, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी सांगितलं असतं, लागला आहे म्हणून.

आता सहा जॉब होणार नव्हते हे दिसत होतं. चार, झालेच तर. बाईंनी सरळ उचलण्याची जोडी रांगेतून काढून टाकली. तसं सरळ उचलणारं माणूस त्यांना वृद्धाश्रमात दिसलंच नव्हतं.

शुक्रवारी मावळतीला धक्क्याची जोडी संपली. दोन गोष्टींची भीती त्यांना एकदमच वाटत होती. आपलं चुकलं असेल तर अख्ख्या विभागाची वाट अडवून आपण एका वेडगळ शंकेचे लाड केले, असं होणार. बरोबर असेल तर ते जास्तच वाईट. बारीक बरगडीचं चित्र उघडलं. हात निळा, खांबाकडे हिरवा, आणि कोपराच्या आतल्या कडेला, जिथे बरगडी येऊन मिळते तिथे, भडक लाल. थोडंथोडकं नाही. हात काही वर्षं टिकला असता, मग एका सकाळी टिकला नसता. जाड बरगडीचं चित्र उघडलं. तेच कोपर, तोच धक्का, कडेला नुसती पिवळसर छटा.

बाईंनी घरी फोन केला.

"तुटला," त्या म्हणाल्या.

शूजींनी थोडा विचार केला. "चांगलं की वाईट?"

"चांगलं."

"मग जेवायला ये."

तिरक्या उचलण्याची जोडी रविवारी आली आणि तिनेही तेच सांगितलं, जरा सौम्य शब्दांत. इनागाकीबाई त्या रात्री लवकर झोपल्या आणि गाढ झोपल्या.

सोमवारी सकाळी त्या ऑफिसला न जाता सरळ सुगानुमांच्या कारखान्याकडे निघाल्या. वाटेत गाडी बाजूला घेऊन काचोंना फोन केला. आधी विचारायचं की आधी सांगायचं, यावर त्यांनी रस्त्यात बराच विचार केला होता.

"काचो, धक्क्यात कोपर जातंय. बरगडी जाड करावी लागेल. मी सुगानुमांकडे सांगायला निघाले आहे."

काचो म्हणाले, "हो? मग सांगा." आणि थोड्या वेळाने, खालच्या आवाजात, "खरं सांगू का इनागाकी-सान, मलाही ते कोपर पहिल्यापासून जरा नाजूकच वाटत होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही काही बोलला नाहीत, म्हटलं माझंच काहीतरी असेल."

बाईंना हसू आलं, ते त्यांनी दाबलं नाही. काचोही हसले. असं काही फोनवर याआधी घडलेलं नव्हतं, त्यामुळे पुढे काय म्हणायचं हे दोघांनाही सुचेना, आणि फोन ठेवला गेला.

सुगानुमांचा कारखाना एका अरुंद गल्लीच्या टोकाला होता. शटर नुकतं वर गेलं होतं. आत पोलादाचा ठोकळा मशीनवर बांधून ठेवलेला होता, वर सुट्टीभर टाकलेलं कापड अजून तसंच. सुगानुमा हे साठीचे, मानेभोवती टॉवेल गुंडाळलेले गृहस्थ. बाईंना दारात बघून ते हातातला चहाचा थर्मास घेऊनच पुढे आले. कंपनीतलं कोणी स्वतः येणं म्हणजे काहीतरी अशुभ, असा त्यांचा अनुभव होता.

"नकाशा बदलायचाय," बाईंनी तिथेच सांगितलं. "कोपराची बरगडी जाड करायची आहे. किती ते घेऊन आले आहे. सुरू करण्याआधी आले, पण तरी तुमची तयारी फुकट जाणार, ते मला कळतंय."

सुगानुमांनी कागद घेतला, चष्मा कपाळावरून खाली ओढला. वाचला. "जाड होय," ते म्हणाले. "मला वाटलं सगळं रद्दच झालं. जाडच करायची ना, मग प्रोग्राम दुपारपर्यंत बदलतो. उद्या सकाळी कापायला घेऊ." त्यांनी ठोकळ्यावरचं कापड नीट करून परत घातलं, आणि बाईंसाठी पेल्यात सातूचा गार चहा ओतला.

बाईंनी स्टुलावर बसून तो एका दमात संपवला. आपल्याला केव्हाची तहान लागली होती, हे त्यांना आत्ता कळलं. गल्लीतून उन्हाची एक पट्टी आत आली होती आणि त्यात धातूची धूळ सावकाश खाली बसत होती. ऑफिसात या वेळी मिझोगुचींचा जॉब मशीनवर एकटाच, ऐसपैस चालू असेल.

"झालं ना एवढंच?" सुगानुमांनी विचारलं. "की आणखी काही?"

बाई उठायला निघाल्या होत्या. त्या पुन्हा बसल्या.

"आहे ना," त्या म्हणाल्या. "कोपराच्या आतल्या कडेची गोलाई थोडी वाढवायची आहे. आणि चहा आणखी असेल तर द्या."